ताजी मंगलाष्टकं

पहिल्या रांगेत बसलेल्या बाई माझ्या आधीच माझी ओळ म्हणत होत्या.

गोरज मुहूर्ताचं लग्न होतं, चौबे कॉलनीजवळच्या एका लॉनवर. अंतरपाट धरलेला, भटजी बाजूला, माझ्या हातात माईक आणि कागद. मी तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ घेतली आणि बघते तर समोरच्या बाईंचे ओठ हलताहेत. आधी वाटलं, जप करत असतील. मग लक्षात आलं, त्या माझ्या पुढे आहेत. मी चंद्रापर्यंत पोचायच्या आत त्यांचा चंद्र उगवून मावळलेला होता. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलीच्या लग्नात मी हीच कडवी म्हटली होती, नावं तेवढी बदलून, आणि तो कागद त्यांनी चौकट करून बैठकीत लावला होता. अक्षता पडल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हसत म्हणाल्या, "वहिनी, आमच्या पोट्टीचा चंद्र यायलेबी देऊन टाकला काय?"

लाज वाटली म्हणणं कमी पडेल. मला राग आला, आणि तो माझा मला नाही, त्यांचा आला. मंगलाष्टकं ही काय पाठ करायची गोष्ट आहे? लग्नात ती कुणी ऐकत नाही, या एकाच भरवशावर तर आमचा सगळा कारभार चालतो. निम्मे लोक 'सावधान' कधी येतं आणि अक्षता कधी टाकायच्या याची वाट बघत असतात, उरलेले निम्मे जेवणाच्या मांडवाकडे बघत असतात. पण त्या बाईंचं ते हसणं माझ्या अंगाला असं चिकटलं की पुढची पंधरा-सोळा वर्षं मी शिळेपणाच्या भीतीनंच लिहीत राहिले. त्या भीतीपायी मी माझी एकुलती एक मैत्रीण घालवली, ते कसं हे इथं सांगायचं आहे.

मी लग्न होऊन नागपूरकडून रायपूरला आले तेव्हा हा मध्य प्रदेश होता. नवरा रेल्वेत, मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. माहेराहून येताना आत्याची एक वही सोबत आणली होती, तिच्यात शार्दूलविक्रीडितातली पंधरा-वीस कडवी होती. विदर्भाकडच्या मराठी घरांत लग्न निघालं की मला बोलावणं यायचं. शार्दूलविक्रीडित हे मोठं सोयीचं वृत्त आहे. ओळीला एकोणीस अक्षरं, सोऱ्यातल्या ताटलीसारखी; पीठ कुठलंही भरा, चकली पडायची तशीच पडते. नवरीचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, आजोबा हयात असतील तर आशीर्वाद द्यायला उभे करायचे, नसतील तर स्वर्गात बसवायचे. अर्ध्या तासात आठ कडवी तयार.

मग नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. भोपाळहून फायलींचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांमागून माणसं आली, त्यांत मराठी घरंही बरीच होती. पूर्वी लग्नं समाजाच्या छोट्या सभागृहात व्हायची, तिथला माईक अर्धा वेळ कुईं कुईं करायचा आणि उरलेला अर्धा वेळ बंद असायचा. आता लॉन आले, स्टेज आलं, आणि आवाजाची व्यवस्था उत्तम झाली. हीच गोष्ट माझ्या मुळावर आली. लोकांना शब्द ऐकू यायला लागले.

तर त्या बाईंच्या टोमण्यानंतर मी आत्याची वही माळ्यावर टाकली आणि कामाची रीतच बदलली. लग्नाच्या आठ दिवस आधी मी मुलीच्या घरी जायला लागले, वही आणि पेन्सिल घेऊन. घरात पापड वाळत असायचे, कुणी पत्रिकांवर कुंकू लावत असायचं, आणि मी एका कोपऱ्यात बसून मुलीला, तिच्या आईला, शेजारणीला विचारत असायची. गुण विचारायची नाही. गुण सगळ्यांच्या मुलींचे सारखेच असतात, शांत, हुशार, घरकामाची आवड. मी म्हणायची, मले एक गोष्ट सांगा जे दुसऱ्या कोणाच्या घरी झाली नसन.

आणि लोक सांगायचे. एक मुलगी लहानपणी गोल बाजारात हरवली होती. सापडली तेव्हा रडत नव्हती, भांड्यांच्या दुकानात पाटावर बसून गिऱ्हाइकांना हाका मारत होती, "ले लो भैया, गंज ले लो." एकीचे वडील बीरगांवजवळच्या कारखान्यात होते, पाळी संपवून सकाळी घरी आले की ते तिच्या वेण्या घालायचे, कारण आईची शाळा आधी भरायची. त्या वडिलांच्या हाताला लोखंडाचा वास यायचा आणि मुलीला कॉलेजात गेल्यावरही वेणीला तो वास येतोसा वाटायचा. मी हे सगळं वृत्तात बसवलं. सोपं नव्हतं. हल्लीच्या मुलींची नावंसुद्धा धड बसत नाहीत, दीड अक्षराची नावं ठेवतात आणि वर त्यातलं एक अक्षर परदेशी असतं. पण वेण्या घालणाऱ्या बापाचं कडवं मी म्हटलं तेव्हा तो बाप फेट्याचं टोक तोंडात धरून रडला. त्या दिवशी मला कळलं की आपल्याला काहीतरी येतं. इतकं खरं सुख मला नोकरीत मिळालं नाही, संसारातही फारसं नाही.

माझं नाव झालं. भिलाई-दुर्गपासून बोलावणी यायला लागली. आणि याच काळात ती मैत्रीण माझ्या जवळ आली.

ती आमच्याच ओळीत राहायची, दोन घरं सोडून. राजधानी झाली त्याच वर्षी भोपाळहून आलेलं कुटुंब. नवरा पाटबंधारे खात्यात, एक लहान मुलगी, आणि सासू. ती मूळची अमरावतीकडची. बोलायला मोजकी, पण तिला कान होता. मी नवं कडवं लिहिलं की आधी तिला वाचून दाखवायची. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि एखाद्या ओळीला नुसतं म्हणायची, "हे शिळं आहे वं." बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. मला त्या ओळीवर सुचलेलं सगळं समर्थन गिळून घरी यावं लागायचं आणि ओळ बदलावी लागायची. माझ्या नवेपणातलं निम्मं श्रेय तिचं आहे. हे मी कुठल्याही लग्नात माईकवर कधी बोलले नाही.

नवेपणाचं असं आहे की तोही दोन हंगामांत जुना होतो. मी घरोघर जाऊन बारकावे गोळा करते हे सगळ्यांना माहीत झालं आणि लोक बारकावे तयार करून ठेवायला लागले. दारात पाय ठेवला की आई म्हणायची, "दीदी, हिचं ते दह्याचं टाका न." प्रत्येक घरात एक वडिलांची स्कूटर असायची, एक आईचा डबा, एक भावाशी भांडण. पन्नासाव्या स्कूटरवर मी कंटाळले. त्यातच लग्नांना अँकर नावाचा प्रकार आला. कोट घातलेला एक तरुण मोबाईलवर बघून हिंदीत तेच सांगायचा, बिटिया, पापा, स्कूटर. लोक त्यालाही रडायचे. माझं जे वेगळेपण होतं ते त्यानं वाटेवरच्या भेळेसारखं करून टाकलं.

तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पहिली, कडवी आधी दाखवणं बंद केलं. पूर्वी कागद दोन दिवस आधी मुलीच्या आईकडे जायचा, नावं-नाती तपासायला. तो मी थांबवला, कारण आधी वाचलेल्या ओळीला माणूस रडत नाही. दुसरी, मी घरात विचारायची ते सोडून घराबाहेर विचारायला लागले. मोलकरीण, जुनी शेजारीण, रुसून बसलेली मावशी. जे लोक आपण होऊन सांगत नाहीत तेच ताजं असतं, हे मला समजलं होतं. याला दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसणं म्हणतात. मी त्याला माझी साधना म्हणत होते.

मैत्रिणीला हा नवा प्रकार आवडला नव्हता. एकदा म्हणाली, "लोकायच्या घरातलं काहून काढून राहिली तू?" मी म्हटलं, शिळं तूच म्हणतेस, मग ताजं आणायचं कुठून? तिनं निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली. मला वाटलं मी जिंकले.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं. हिवाळ्याचे दिवस होते. आम्ही दोघी तिच्या मागच्या अंगणात हळकुंडं आणि सुपाऱ्या पुड्यांत भरत बसलो होतो. गल्लीत बाई टोपली घेऊन ओरडत गेली, "बिही ले लो, बिही," इथं पेरूला बिही म्हणतात. मी सहज तिला हाक मारणार, तर मैत्रिणीनं माझा हात धरला. मग मला आठवलं की इतक्या वर्षांत या घरात मी पेरू कधी पाहिला नाही. मी विचारलं, काहून वं?

तिनं सांगितलं. एकदाच, हातातली पुडी न थांबवता.

"मले एक पोट्टा होता. हिच्याहून मोठा, नऊ वर्षांचा. भोपाळले. तापानं पडला होता, चार दिवस पोटात काही नाही. पेरू पाहिजे म्हणे. सासूबाई म्हणे, तापात पेरू देत नसते. त्या देवळात गेल्या आन् मी देल्ला. अर्धाच खाल्ला त्यानं. अर्धा म्हणे हिले ठेव. मंग झोपला, तर उठलाच नाही. डॉक्टर म्हणे ताप मेंदूत गेला, पेरूनं काही होत नाही. मले समजते ते. पण मी हे कोणाले सांगितलं नाही. ह्यायलेबी नाही. सासूबाईले समजलं असतं तर त्याहीनं मले उभं जाळलं असतं. तूबी सांगू नको."

मी म्हटलं, नाही सांगत. तिचा हात हातात घेतला. मला खरंच भडभडून आलं होतं, ते खोटं नव्हतं. त्या मुलाचा एक फोटोही घरात नव्हता. पोरीच्या डोळ्यांसमोर नको म्हणून सासूनं सगळे पेटीत टाकले होते. कॉलनीत कुणाला ठाऊकही नव्हतं की या घरात एक मुलगा होता. मी हे सगळं ऐकत होते, डोळे पुसत होते, आणि डोक्याच्या एका बाजूला अर्धा पेरू वृत्तात कसा बसेल याचा हिशेब सुरू झाला होता. 'पेरू' दोन्ही अक्षरं गुरू. 'पेरु' केलं तर जमतं.

तिच्या मुलीसाठी मी आठ कडवी लिहिली. सातव्याची दोन रूपं होती. एक साधं, अंगण, तुळस, सासरी जाणारी लेक. ते शिळं होतं, वाचताना माझं मलाच जांभई यावी इतकं. दुसऱ्याच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

ठेवी पेरु तुझ्याच वाटणिस जो अर्धा, न खाता तसा,
तापाने निजला, पुन्हा न उठला, भाऊ तुझा आज ये

आणि पुढे, तो अक्षता घेऊन मांडवात उभा आहे, असं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळी. आजही एक अक्षर बदलणार नाही. मी स्वतःची समजूत घातली की पेरू कुणी दिला ते कुठं लिहिलंय? मी गुपित फोडत नाहीये, ज्या भावाचं कुणी नाव घेत नाही त्याला बहिणीच्या लग्नात आणून उभं करतेय. आईला बरं वाटेल. सासूचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. पेन्सिलीला टोक काढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो टिकला. म्हातारीला कमी ऐकू येतं, असं म्हणून मी पुढे गेले.

लग्न एका मोठ्या लॉनवर होतं. म्हाताऱ्या माणसांना मान म्हणून स्टेजवरच खुर्च्या मांडल्या होत्या आणि सासूबाईंच्या खुर्चीमागेच भला मोठा स्पीकर होता. सहा कडवी झाली. सातवं मी जरा थांबून, सावकाश घेतलं. पहिल्या ओळीला कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या ओळीला भटजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मंगल कार्यात मेलेल्याची गोष्ट म्हणून. मग मुलीच्या वडिलांचे खांदे हलायला लागले. नवरी अंतरपाटामागे हुंदके देत होती. मराठी समजणाऱ्या साऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. म्हातारीही रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी मैत्रिणीकडे पाहिलं नाही. मी लोकांकडे पाहत होते.

कडवं संपलं, अक्षता पडल्या. आठवं घ्यायच्या आधी मी श्वास घेतला. तेवढ्यात म्हातारीचं रडणं थांबलं. तिनं सुनेकडे मान वळवली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं विचारलं, "तापात पेरू कोण देल्ला त्याले?"

माईक माझ्या हातात होता आणि तो चालू होता. तिचा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

 मैत्रिणीच्या उत्तराची गरजच नव्हती. घरात त्या दुपारी तिघंच होती, मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि ती. तिच्या नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं आणि तरी मी आठवं कडवं म्हटलं. मुहूर्त टळायला नको. सुरात म्हटलं, एकही अक्षर न चुकवता. वरपक्षातल्या हिंदी बोलणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरदेवाची एक काकू जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "क्या गाया दीदी आपने. समझ में ज़्यादा नहीं आया, पर रोना आ गया."

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा नवरा मानाची साडी, नारळ आणि लाडूंचा डबा घेऊन आमच्या दारात आला. रीतीप्रमाणे सगळं होतं. तो बसला नाही. मी विचारलं, ती कशी आहे? तो म्हणाला, "बरी आहे," आणि जायला वळता वळता, "आई तिच्या हातचं खाऊन नाही राहिली." म्हातारी पुढे दोन वर्षं जगली. त्या दोन वर्षांत तिनं सुनेच्या हातून ना ताट घेतलं ना पाणी. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत उपाशी बसून राहायची. त्यासाठी त्यानं शहराबाहेर लांब असलेल्या नव्या रायपूरच्या कचेरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, हेही मला दुसऱ्यांकडूनच कळलं. मैत्रीण रस्त्यात दिसली तर बाजूच्या गल्लीत वळायची. शहाणी होती, तिनं भांडण केलं नाही. भांडली असती तर मी निदान उलटून बोलले असते.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. नाही सोडलं. त्या लग्नाची चित्रफीत मोबाईलवर फिरली आणि मागणी दुप्पट झाली. फोनवर लोक सांगायचे, "दीदी, वो भाई वाला था ना, वैसा चाहिए, रुलाने वाला." एका घरी मुलीच्या आईनं चहा ठेवता ठेवता सुचवलं, "आमच्याकडे तिचे एक काका गेलेले आहेत, चालतील काय?" मी तिला विचारलं, कसे गेले? आणि वही उघडली. अशी आणखी तीन लग्नं मी केली. चौथ्या वेळी कुणी बोलावलं नाही. लॅपटॉपवर तयार मंगलाष्टकं मिळायला लागली होती, सोबत बासरीही वाजते. लोकांना तेवढं पुरलं.

म्हातारी गेली तेव्हा तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. पंगत उठली होती. मैत्रीण मागच्या अंगणात एकटीच पातेली उपडी घालत होती. मला बघून म्हणाली, "बस." दोन वर्षांनी पहिला शब्द. मी पायरीवर बसले.

"मले माफ कर," मी म्हटलं.

"तुले मी सांगितलं होतं न, कोणाले सांगू नको?"

"हो."

"मंग काहून केलं?"

येताना मी पुष्कळ तयारी केली होती. भावाची आठवण, आईचं मन, चांगला हेतू. ते सगळं बाजूला ठेवलं. मी खरं तेच सांगितलं. "त्या जागी दुसरं कडवं होतं माझ्यापाशी. पण ते शिळं होतं."

"म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"ते दुसरं. म्हणून दाखव."

मी म्हटलं. अंगण, तुळस, सासरी जाणारी लेक. तेराव्याच्या घरात, उपड्या पातेल्यांसमोर, हलक्या आवाजात चारही ओळी म्हटल्या. तिनं पूर्वीसारखंच, हातातलं काम न थांबवता ऐकलं. मी ती 'शिळं आहे वं' म्हणण्याची वाट बघत होते. तेवढं म्हणाली असती तरी मला पुरलं असतं.

"हे चाललं असतं," ती म्हणाली. "याच्यानंबी लगन लागलंच असतं पोट्टीचं."

मग तिनं हात पुसले आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "जे झालं ते झालं. आता तू येत जाय, मी काही मनात ठेवत नाही. पण एक कर. याच्यावर पुन्हा काही लिहू नको. तुह्यं काही सांगता येत नाही." मी तिच्या पायाला हात लावून कबूल केलं. ती माझ्याहून लहान आहे, तरी लावला.

तिनं शब्द पाळला. मी जायला लागले, ती यायला लागली. भाजी, गुडघे, मुलांचे फोन, एवढ्यावर आमचं बोलणं चालतं. मी काही वाचून दाखवत नाही, तीही विचारत नाही. पूर्वीची मैत्री ही नाही, पण दुपार निघून जाते. या वयात तेही सगळ्यांना मिळत नाही, हे मला कळतं.

आणि तरी मी हे लिहिलं. चार वर्षं वही कोरी होती. स्वतःबद्दल लिहावं म्हटलं तर माझ्या आयुष्यात दुसरं ताजं असं काही निघालंच नाही, आवक-जावक, नवऱ्याची बदली, गुडघे. जिथं हात घालावा तिथं हेच लागत होतं. कुणाचं नाव घातलेलं नाही, अशी मी आताही स्वतःची समजूत घालते आहे. त्या कडव्यात तरी मी कुठं कुणाचं नाव घेतलं होतं?

छापून आलं तर आमच्या ओळीत फार गाजावाजा व्हायचा नाही. मुलांना मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देतात आणि वाचत तर मुळीच नाहीत. जुनी माणसं एकेक करून गेली किंवा पोरांकडे पुण्या-बंगलोरला गेली. मराठी वाचणारी आता ओळीत दोनच माणसं उरली आहेत. एक मी आणि दुसरी ती.